गोड विहिरीचं आधण

१९ ऑगस्ट

फाबियानचा फोन आला. रोसारियो शहरातला त्याचा कारखाना बंद पडला, हे वाईट झालं. तो आणि यानिना आता इथेच राहायला येणार आहेत, आणि हे इतकं चांगलं की मुलाची नोकरी गेल्याचं ऐकताना आवाजात हसू येऊ नये म्हणून मला खोकल्याचं सोंग करावं लागलं. सूनबाईला दिवस गेले आहेत. जानेवारीत बाळ होईल.

दुपारभर उत्तरेचा गरम वारा होता. अंगणात धुळीचा एक भोवरा उठायचा, विहिरीपर्यंत जायचा आणि तिथे बसायचा, एखाद्या तहानलेल्या माणसासारखा. मी त्याच्याकडे बघत खोल्यांची आखणी केली. माझ्या बायकोची, अल्सिराची, शिवणाची खोली त्यांना द्यायची. ती गेल्यापासून तिथे फक्त मक्याची पोती आहेत.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे क्रिसांतो आपले दोन डबे घेऊन पाण्याला आला. अर्धं गाव माझ्याच विहिरीवर येतं, पण क्रिसांतोचा हक्क मोठा. तो फाबियानचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला पोराला त्यानेच हातात धरलं होतं.

"आज तोंड सणासारखं का झालंय रे तुझं?"

"मुलगा येतोय. सून येतेय. राहायला."

"मग दाढी कर. पोरगी तुला बघून आल्या बसने परत जाईल."

जाताना त्याने डब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं आणि डोळे मिटले. आसपासच्या सगळ्या गावांत पाणी मचूळ लागतं, आमच्या वडिलांनी खणलेली ही एकच विहीर गोड निघाली. गावाचं नावही त्यावरूनच पडलं, पोसो दुल्से, म्हणजे गोड विहीर. वाफेच्या गाड्या होत्या तेव्हा ड्रायव्हर इथे उतरून आपल्या बाटल्या भरून घेत. मी त्या काळी डेपोत बॉयलर साफ करायचो. ड्रायव्हर म्हणायचे, इंजिनाला टाकीतलं पाणी, आम्हाला तुमचं.

शाळेत ओफेलियाबाई आम्हाला खिडकीपाशी उभं करून कविता म्हणायला लावत. त्यातली एक झऱ्याची होती. झरा रात्रभर कुणाचं तरी नाव घेत वाहतो. कुणाचं, ते शेवटच्या कडव्यात होतं, आणि शेवटचं कडवं मी विसरलो आहे.

२७ ऑगस्ट

आले. यानिना फोटोतल्यापेक्षा लहानखुरी आहे, आणि बोलते मात्र टपाल कचेरीच्या खिडकीतून बोलल्यासारखी, एकदम मुद्द्याचं.

मी माटेची, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाची, तयारी करून ठेवली होती. भोपळ्यात नवा पाला, चांदीची नळी, किटलीत विहिरीचं पाणी, उकळी फुटायच्या जरा आधी उतरवलेलं. पहिला माझा, दुसरा फाबियानचा, तिसरा तिला भरून दिला. तिने संपवला, भोपळा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "थँक्यू, बाबा."

भोपळा परत देताना आभार मानले की त्याचा अर्थ आता पुरे, मला आणखी नको. हे रोसारियोतही असंच आहे, म्हणजे ती चुकून म्हणाली नव्हती. एकाच भोपळ्यावर? माझ्या घरी? मी पुढचा स्वतःसाठी भरला.

मग तिनेच विचारलं, "बाबा, हे पाणी कधी तपासून घेतलंय का?"

"तपासायचं काय त्यात? गावाचं नावच गोड विहीर आहे."

"म्हणून तर विचारलं. माझ्या आजीला आयुष्यभर गोडानेच छळलं."

फाबियान हसला. मीही हसलो, पण उशिराने.

३ सप्टेंबर

आज यानिनाने क्रिसांतोचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. उलटा करून तळवा बघत राहिली.

"हे काय आहे, काका? मक्याचे दाणे पेरल्यासारखं?"

"कामाचे हात आहेत ते, पोरी. शहरात असे हात संग्रहालयात ठेवतात."

मी माझे तळवे पुढे केले. माझेही तसेच, कडक, दाणेदार. तिला सांगितलं की हे या गावाचं लेणंच आहे. कुऱ्हाड न धरता, खडूशिवाय काही न उचलता ओफेलियाबाईंचे हातही शेवटी शेवटी असेच झाले होते. अल्सिराने जन्मभर सुईच चालवली, तरी तिचे तर माझ्याहून खरखरीत. कष्ट माणसाच्या अंगात मुरतात ते असे, मी म्हणालो.

यानिना हसली नाही. म्हणाली, "सुईने हात असे होतात?"

रात्री अल्सिराची आठवण आली. राजधानीच्या इस्पितळात तिला नेलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न केला होता, तुम्ही पाणी कुठलं पिता. मूत्राशयाचं दुखणं, आणि हा पाणी विचारतोय. मी त्याला आमच्या विहिरीचं वर्णन करून सांगितलं, अगदी ड्रायव्हरांच्या बाटल्यांसकट. तो लिहून घेत होता. मला बरं वाटलं होतं, की एवढ्या मोठ्या इस्पितळात कुणीतरी आमच्या विहिरीविषयी लिहून घेतंय.

६ सप्टेंबर

काल नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडलं. भिंत मातीची आहे, ऐकायचं नाही म्हटलं तरी येतं. ती म्हणाली, "पाण्याची खात्री झाल्याशिवाय मी इथे बाळंत होणार नाही. आईकडे जाईन. आणि एकदा गेले की तिथेच." फाबियान काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, "बाबा चांगले आहेत रे. पाणी कसंय ते मला माहीत नाही."

रात्र जागून काढली. पहाटे उपाय सुचला.

पाणी उकळायचं. आमच्याकडे कुणी उकळत नाही, उकळलेल्या पाण्याने पाला जळतो आणि माटे भांड्याच्या विसळवणीसारखा लागतो. पण बाळासाठी. मोठं पातेलं भरून चुलीवर ठेवलं, चांगला दोन तास जाळ घातला. पाणी अर्ध्यावर आलं. सगळी वाफ धुराड्याशी जाऊन पांढरी व्हायची आणि विरायची. मी बघत बसलो, जे काही वाईट असेल ते असं निघून चाललंय, पक्ष्यांच्या थव्यासारखं. उरलेलं निवू दिलं, झाकून ठेवलं.

यानिनाला दाखवलं. तिने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. म्हणाली, "एवढं सरपण जाळलंत?" आणि पेला भरून प्यायली. तिच्या आजीनेही म्हणे टायफॉइडच्या साथीत असंच केलं होतं.

१६ सप्टेंबर

घरात आता पाण्याचं प्रदर्शन भरलंय.

यानिनाने शहरातून आणलेला प्लास्टिकचा जग आहे, पोटात कोळसा असलेला. फाबियानने आरोग्य केंद्रातून जंतू मारायचे थेंब आणले. मी जत्रेतून मातीची गाळणी घेतली, वर घडा, खाली घडा, मधे भाजलेल्या मातीचा जाड पेला. तिघांचे स्वभाव तीन. थेंबवालं पाणी इस्पितळाच्या पायरीसारखं वागतं, वास आधी येतो. कोळशाचा जग तो वास पळवतो आणि पाण्याला कुठलाच गाव ठेवत नाही. मातीचा घडा मात्र बाईंच्या वर्गातल्या मुलासारखा, एकेक थेंब थांबून, आठवून, मग सोडतो. दुपारी तो आवाज ऐकत मला झोप लागते, आणि झोपेत मी खिडकीपाशी उभा असतो, कविता येत असते, फक्त ओठ हलत नसतात.

माझा कौल उकळण्याला. मी हल्ली पहिलं आधण काढतच नाही, त्यातच नवं पाणी ओततो आणि पुन्हा अर्ध्यावर आणतो. दोनदा उकळलेलं, दोनदा शुद्ध. यानिना तेच पिते. बाकी सगळे आम्ही मातीच्या गाळणीवर.

क्रिसांतो घड्याकडे बघून म्हणाला, "राजाच्या घरी पाणी गाळतात, पण ते गळेपर्यंत राजा तहानेने मरतो."

२१ सप्टेंबर

वसंताचा पहिला दिवस, आमच्या दक्षिणेकडे तो सप्टेंबरातच येतो. शाळेची मुलं डबे घेऊन रानात गेली. आम्हीही जायचो. बाई पुढे, हातात पांढरी छत्री.

यानिनाला उलट्या होतात. गरोदरपणात होतातच. मी आज पातेलं तीन तास ठेवलं.

२९ सप्टेंबर

निल्दा आली होती. आरोग्य केंद्राची, मोटारसायकलवर सगळा तालुका पालथा घालणारी. यानिनाने तिला बोलावलं होतं, मला न सांगता. राग आला, पण निल्दाला मी लहानपणापासून बघतोय, तिच्यावर राग टिकत नाही.

तिने टेबलावर एक पेटी उघडली. छोटी बाटली, तिच्यात पाणी, त्यात कसल्याशा दोन पुड्या, आणि झाकणाच्या आत अडकवलेली पांढऱ्या कागदाची चिंचोळी पट्टी. पाणी फसफसलं की त्यातून जो वायू वर येतो तो पट्टीला लागतो. "आर्सेनिक असेल तर पट्टी पिवळी होते. जास्त असेल तर तपकिरी." म्हणजे सोमल. उंदरांसाठी आणतात तो. मी म्हटलं, "निल्दा, विहिरीत विष कोण टाकेल?"

"कुणी टाकत नाही, डॉन एलादियो." ती मला अजून मानाने डॉन म्हणते. " जमिनीतच असतं. रंग नाही, वास नाही, चव नाही. खालच्या खडकातनं येतं."

पहिल्यांदा नुकतं उपसलेलं विहिरीचं पाणी. पट्टी पिवळी झाली, पिकल्या पेरूसारखी. मला तो रंग सुंदर वाटला, हे लिहायला नको होतं पण वाटला. मग थेंब टाकलेलं. पिवळी. मातीच्या घड्यातलं. पिवळी. कोळशाच्या जगातलं किंचित फिकं, पण पिवळंच.

मी म्हटलं, "आता माझं कर." आणि पातेल्यातलं पाणी अभिमानाने ओतलं.

पट्टी तपकिरी झाली. मग आणखी गडद झाली, जुन्या चामड्यासारखी. निल्दाने पुन्हा नवी पट्टी घेऊन केलं. तेच.

"हे किती उकळलंय तुम्ही?"

"अर्ध्यावर आणतो. मग त्यातच नवं घालतो. वाईट सगळं वाफेबरोबर जातं."

निल्दाने पेटी बंद केली. हळूच म्हणाली, "वाफेबरोबर फक्त पाणी जातं, डॉन एलादियो. जंतू मरतात, तेवढं खरं. बाकी सगळं खाली राहतं आणि दाट होतं."

आणि मला डेपो आठवला. मी अठरा वर्षांचा, बॉयलरच्या पोटात शिरलेला, हातात छिन्नी. आतून दगडासारखा चढलेला पांढरा थर मी दिवसभर फोडायचो, टोपल्या भरभरून बाहेर काढायचो. गाड्यांची वाफ आभाळात गेली, तो थर माझ्यासाठी उरला. माझं अर्धं तारुण्य त्या थरात गेलं, आणि ते मला पातेल्यापाशी आठवलं नाही.

यानिना पोटावर हात ठेवून बसली होती. तिने निल्दाला एकच विचारलं, "मी हेच पीत होते. बाळाचं काय?"

"आजपासून बंद. थांबवलं की शरीर बरंचसं बाहेर टाकतं. पिणं आणि स्वयंपाक दुसऱ्या पाण्याने. अंघोळ, कपडे, झाडं, याला विहीर चालेल. आणि दर महिन्याला मला दाखवायला यायचं. चुकवायचं नाही."

मग तिने माझे तळवे बघितले, हे दाणे कष्टाचे नाहीत, सोमलाचे, म्हणाली. क्रिसांतोचे बघायचे आहेत म्हणाली. अल्सिराला काय झालं होतं ते तिला माहीत आहे, तिनेच ती शेवटची गाडी ठरवून दिली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याविषयी आज लिहीत नाही.

१ ऑक्टोबर

फाबियान तालुक्याहून पाण्याचे दोन मोठे बुधले घेऊन आला. पातेलं मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन पालथं केलं.

५ ऑक्टोबर

निल्दा पुन्हा येऊन बसली, आणि आम्ही चौघांनी काय करता येईल ते पाहिलं.

एक यंत्र असतं. पाण्याला जोराने दाबून इतक्या बारीक पडद्यातून ढकलतं की सोमलही अडकतो. तालुक्याच्या शाळेत आहे. पण दोन पेले पाणी चांगलं करायला तीन-चार पेले खारट पाणी फेकून देतं, आणि त्याला वीज लागते, आमची वीज वाऱ्याच्या मर्जीवर. यानिना म्हणाली, नको. बुधल्यांचं पाणी चांगलं, पण ते रोज कोण आणणार? उरला पाऊस, आमच्याकडे तो नोव्हेंबरात लागतो. आभाळातल्या पाण्यात खडक नसतो. छपराचं पाणी पन्हळीने हौदात घ्यायचं, छपराची धूळ आधी बाहेर जाऊ द्यायची, आणि मग निल्दाचे थेंब. घाणीला थेंब पुरतात, सोमल त्यात मुळातच नाही.

पण आमचं छप्पर मातीचं. मातीच्या छपरावरून पाणी येईल ते पिवळं, पाल्यापाचोळ्याचं. पत्रा घालावा लागेल. फाबियान काठी घेऊन भिंती मोजत फिरला. या छपराखाली पावसाचा आवाज येत नाही, तो नुसता जाणवतो, कुणी शेजारच्या खोलीत उशी झटकल्यासारखा. पत्र्यावर तो बोलेल. बोलू दे.

हे सगळं चालू असताना क्रिसांतो आला, डबे भरले, "काय रे, सभा भरवलीस?" म्हणाला आणि गेला. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याच्या घरी चार नातवंडं आहेत.

यानिना दारातून बघत होती.

९ ऑक्टोबर

चार दिवस संध्याकाळी मी झोपेचं सोंग घेऊन आत पडून राहतो. बाहेर विहिरीचा रहाट वाजतो. क्रिसांतोचा, मग एल्बाबाईचा, मग आणखी कुणाकुणाचा. निल्दा एकटी सगळ्यांकडे पोचायला महिना लागेल. ती मला म्हणाली होती, तुमची विहीर आहे, तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. मी हो म्हणालो होतो.

काय सांगू? की वडिलांनी खणलेलं, गावाने नाव म्हणून घेतलेलं, मी स्वतः पन्नास वर्षं डोळे मिटून वाटलेलं पाणी... वाक्य पुढे जात नाही. ही काही बाईंची कविता नाही की मधेच विसरलं तर शेजारच्याने कुजबुजून द्यावं.

आज यानिना माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"बाबा, उठा. झोपला नाहीयेत."

"डोकं दुखतंय."

"दुखू दे. क्रिसांतोकाका डबे भरून गेले आत्ता." ती बसली, तिला वाकून बसणं जड जातं. "मी कोळशाचा जग आणला तोही चुकला होता. फाबियानचे थेंबही चुकले. तुमचं पातेलं चुकलं, त्याचा मला राग नाही. तुम्ही माझ्यासाठी पहाटे उठून सरपण फोडत होता, हे मला दिसत होतं. पण आता माहीत असून तुम्ही गप्प आहात. काकांची नातवंडं मोठी आहेत, चालतात, तुमच्याकडे येऊन ताजं पाणी मागतात. त्यांनाच 'पिऊ नका' म्हणवत नाही तुम्हाला, मग माझं पोर उद्या रडून हट्ट करेल तेव्हा तुम्ही त्याला नाही म्हणाल, यावर मी विश्वास कशी ठेवू?"

मी म्हणालो, "जाणार आहेस का तू?"

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि दिवा घेऊन गेली.

१० ऑक्टोबर

सकाळी फाबियानकडून एक फळी मागून घेतली, रंग घेतला, आणि अंगणात बसलो. तोंडाने सांगता येत नाही तर लिहून तरी सांगावं. मला वाटलं होतं, विहिरीचा मान राहील असं काहीतरी. चार ओळी जुळल्याही. हे वाटसरू, या पाण्याने गाव वाढवला, वगैरे. शेवटी हळूच, की आता मात्र.

यानिनाने खांद्यावरून वाचलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे वाचून होईपर्यंत माणूस दोन पेले पिऊन मोकळा होईल. थोडक्यात लिहा, बाबा."

मी रंग पुसला. फळी वाळेपर्यंत बसलो. मग लिहिलं:

*या पाण्यात सोमल आहे. पिऊ नका. उकळूनही पिऊ नका.*

जन्मात मी इतकं सरळ काही लिहिलं नव्हतं. फळी रहाटाच्या खांबाला ठोकली. खिळा वाकडा गेला.

संध्याकाळी मी आत गेलो नाही. विहिरीच्या कठड्यावर बसून राहिलो. क्रिसांतो डबे वाजवत आला, फळीपुढे उभा राहिला, आणि वाचायला त्याला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ उभा राहिला.

"अक्षर वाकडं आहे," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"नेहमीपासून. आपल्याला आत्ता कळलं."

त्याने डबे खाली ठेवले. आपले तळवे उलटे करून बघितले, मग माझ्याकडे. अल्सिराच्या खोलीच्या दाराकडे त्याची नजर गेली आणि तिथून त्याने ती झटकन काढून घेतली. मग तो माझ्याशेजारी कठड्यावर बसला.

"चार दिवस तू आत झोपला होतास तो यासाठी?"

"हो."

"गाढव आहेस."

"हो."

"आणि माझ्या पोरांनी काय प्यायचं आता?"

"पाऊस."

त्याने मान वर केली. आभाळ स्वच्छ होतं, धुवून ठेवलेल्या पाटीसारखं. "हा पाऊस का?"

घरातून यानिना आली, हातात किटली, काखेत भोपळा. बुधल्याचं पाणी आहे, तिने आल्या आल्याच सांगितलं. तिने पाला भरला, पाणी ओतलं, पहिला स्वतः प्यायली, दुसरा क्रिसांतोला दिला.

"काका, तोवर आमच्या बुधल्यातलं न्या. फाबियान सोमवारी ट्रक घेऊन जातोय, तुमच्याकडचेही डबे द्या. आणि पत्रा घ्यायचा तर दोन्ही घरांचा एकदमच घेऊ, स्वस्त पडेल. जानेवारीत पोराला बघायला याल तेव्हा आमचा हौद भरलेला असेल, तुमचा रिकामा दिसला तर मला चालणार नाही."

क्रिसांतोने नळी ओढली, तोंड वाकडं केलं. "चव नाही याला."

"नाही," मी म्हणालो.

तरी त्याने संपवला, आभार मानले नाहीत, आणि भोपळा पुन्हा भरायला तिच्या हातात दिला. मग माझी पाळी आली.